चकचकीत डिटेक्टर आणि काकांचं नाक

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मी गेली अकरा वर्षं गॅस डिटेक्टर बसवते, तपासते आणि ते उगाच वाजले की लोकांची बोलणी खाते. लग्न ठरताना माझ्या आईला हे काम काही नीट सांगता येईना. ‘कंपन्यांमधली मशीनं बघते’ एवढं बोलून तिने विषय संपवला. सासूबाईंनी त्यातून शिलाई मशीन असा अर्थ काढला आणि लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पाच ब्लाउजपिसं माझ्यापुढे आणून ठेवली. खरं काय ते कळल्यावर त्या बऱ्याच खट्टू झाल्या. ‘म्हणजे गॅस गळतोय का ते बघायचं? मग ते तर मी रोज झोपताना बघते,’ म्हणाल्या.

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. फरक एवढाच, की आमचा गॅस बघणारा डबा भिंतीला कायमचा ठोकलेला असतो. मुठीपेक्षा थोडा मोठा, धातूचा, खाली जाळीचं तोंड. हवेत पेट घेणारी वाफ साठू लागली की तो कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर आकडा पाठवतो. आकडा शंभरला पोचला म्हणजे ठिणगी पडायचा अवकाश. वीसला भोंगा वाजतो. एरवी दिवसभर शून्य. माझ्या धंद्यात शून्य दिसलं की सगळे खूश असतात आणि मीही असायचे. पुढे मी जे सांगणार आहे ते घडेपर्यंत तरी.

मी एका छोट्या एजन्सीत आहे. वसाहतीतल्या दहाबारा कंपन्यांचे डिटेक्टर आमच्याकडे असतात. त्यातली एक मध्यम आकाराची रासायनिक कंपनी मला माहेरासारखी. तिथे दर महिन्याला जायचं, प्रत्येक डिटेक्टरच्या तोंडाला प्लॅस्टिकची टोपी लावायची, छोट्या सिलिंडरमधून थोडा गॅस सोडायचा आणि पॅनेलवर आकडा चढतो की नाही ते बघायचं. चढला की रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहायचं. वापरलेलं ॲसिटोन उकळून पुन्हा शुद्ध करणारा तिथला जो विभाग होता, त्यात आमचे अकरा डिटेक्टर होते. आणि बारावे होते काका.

काका समुद्राकाठच्या दांडी गावचे. त्या विभागातले सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांच्या नाकाची कीर्ती गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. कुठल्या टाकीचं झाकण सैल आहे, कुठला नळ ठिबकतोय, ते काका दारातूनच सांगत. माझ्या डिटेक्टरांवर त्यांचा राग नव्हता, पण मायाही नव्हती. त्यांना ते ‘डबडं’ म्हणत.

‘बाय, तुजं डबडं आज काय बोलतं?’

‘शून्य बोलतंय काका.’

‘ते रोजच शून्य बोलतं. शाळेत मी पन तेच बोलायचो.’

मी त्यांना दर वेळी समजवायची. माणसाच्या नाकाला ॲसिटोनचा वास अगदी इवलासा असतानाच येतो. डिटेक्टर वासासाठी नाही, आग लागण्याइतकी वाफ साठायला लागली तर ओरडण्यासाठी असतो. यावर काका मान डोलवत आणि म्हणत, ‘म्हनजे मी शिंकल्यावर ते वरडनार. मंग त्याला तरी का तरास?’

आमची ही लढाई वर्षानुवर्षं चालली होती आणि मला ती आवडायची. नवीन डिटेक्टर बसवताना मी मुद्दाम काकांना विचारून जागा ठरवायची. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटते, म्हणून डबे गुडघ्याच्या उंचीवर बसवायचे. पण पंख्याच्या वाऱ्याने ती कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसते हे पुस्तकात नव्हतं. काकांच्या नाकाला ते माहीत होतं. अकरापैकी चार जागा त्यांनी दाखवलेल्या.

मग ती साथ आली. काका तापाने पडले, तीन आठवडे घरी राहिले आणि बरे होऊन परत आले. आल्यापासून त्यांच्यात एक बदल झाला. ते माझ्या डिटेक्टरांशी प्रेमाने वागू लागले. त्यांच्यावरची धूळ फडक्याने टिपायचे. दर तासाला कंट्रोल रूममध्ये डोकावून पॅनेल बघायचे. ‘बाय, सहा नंबर दोनवर गेलता सकाळी, बगून घे जरा,’ असं स्वतःहून सांगायचे. ‘डबडं’ हा शब्दही बंद झाला. ‘तुजी माणसं’ म्हणू लागले.

मी घरी नवऱ्याला सांगितलं, ‘शेवटी काका विज्ञानाला शरण आले.’ किती दिवस त्या आनंदात होते!

गेल्या वर्षी कंपनीत बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला यायची होती. सेफ्टी ऑफिसर साहेब आठवडाभर हातात शिट्टी असल्यासारखे फिरत होते. ‘सगळं चकाचक पाहिजे,’ हे त्यांचं एकच वाक्य. रेलिंगला पिवळा रंग लागला. बागेतल्या कुंड्यांनाही लागला. मी माझी महिन्याची तपासणी केली, अकराही ठीक निघाले. पण ते दिसायला अगदीच गरीब दिसत होते. काहींवर रंगाचे शिंतोडे, काहींवर जुना तेलकट थर.

माझ्या स्कूटरच्या डिकीत एक स्प्रेचा डबा असतो. गाडीला चमक आणणारा. पालघरहून रोज येता-जाता धुळीने गाडीची जी कळा होते, त्यावर रविवारचा उपाय. मी तो सुरक्षा गेटवर दाखवून, नोंद करून आत नेला. विभाग त्या दिवशी रंगकामासाठी बंदच होता. एकेका डिटेक्टरवर फस्स करून फवारा मारला आणि फडक्याने पुसला. काय चमकले! जणू आत्ताच खोक्यातून काढलेत. सहाव्यापर्यंत पोचले आणि डबा संपला. उरलेल्या पाचांना ओल्या फडक्यावर भागवावं लागलं, याची मला हळहळ वाटली.

तपासणीवाले आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी तीन नंबरच्या डिटेक्टरसमोर थांबून ‘व्हेरी वेल मेंटेन्ड’ म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी जमिनीपासून दोन बोटं वर चालत घरी गेले.

पुढच्या महिन्यात तपासणीच्या दिवशी मी दहाच्या सुमाराला पोचले, तर विभागाच्या दाराबाहेर सफाईवाल्या मावशी पायरीवर बसलेल्या. झाडू आडवा टाकलेला, पदराने नाक धरलेलं. या मावशी डोंगराकडच्या, विक्रमगडच्या बाजूच्या. पावसात घरची भातलावणी असली की दोन महिने कामावर नसत, एरवी त्यांचा खाडा नसे. त्या कधी बसलेल्या दिसत नसत.

‘मावशी, काय झालं?’

‘आत नाय जात मी. आत कोनी नेलपालिश सांडलंय.’

‘नेलपॉलिश?’

‘ते पुसायचं पानी असतं ना, त्याचा वास. माजी सून पार्लरचं शिकतं, घरभर तोच वास करून ठेवतं. मला मळमळतं.’

मागून काका आले. हसायला लागले. ‘सकाळपासून हेच लावलंय हिनं. अगं, इथं कोन नखं रंगवतंय? मी आताच फेरी मारून आलो. काय नाय.’ आणि त्यांनी दारात उभं राहून, छाती भरून एक लांब श्वास घेतला. ‘साफ हाय.’

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मला तो वास आला. गोडसर, थंड, डोक्यात जाणारा. ॲसिटोन म्हणजे तेच, नेलपॉलिश पुसायचं पाणी. आणि तो थोडाथोडका नव्हता.

मी काकांकडे बघितलं. ज्या माणसाला दारातूनच झाकण सैल असल्याचं कळायचं, तो छाती भरून ॲसिटोन ओढतोय आणि साफ आहे म्हणतोय.

‘काका, तुम्हाला खरंच वास येत नाही?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काचेतून कंट्रोल रूमच्या पॅनेलकडे बघितलं. ‘शून्य हाय ना सगळं,’ ते म्हणाले.

खरंच शून्य होतं. अकराच्या अकरा.

माझ्या बॅगेत हातात धरून फिरायचा छोटा मीटर असतो. तो चालू करून मी दारातच खाली वाकले, जमिनीलगत धरला. आठ. बारा. अठरा. मग तो जोरात वाजू लागला. आतलं पॅनेल अजूनही शून्य दाखवत शांत बसलं होतं.

पुढची पाच मिनिटं थट्टेची नव्हती. मी ‘बाहेर व्हा सगळे’ असं ओरडले. आत दोन हेल्पर होते, तेही बाहेर पळाले. काकांना वास येत नसेल, पण कुठलं बटण कुठे आहे हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी कंट्रोल रूममधून पंप बंद केला, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि वॉकीटॉकीवर साहेबांना बोलावलं. आवाज जराही कापला नाही. साहेब धावत आले. शेजारच्या विभागातलं वेल्डिंग थांबवलं, रस्ता अडवला, मोठे दरवाजे सताड उघडले. अग्निशमनची माणसं होज धरून उभी राहिली. तासाभराने माझा मीटर सगळीकडे शून्यावर आला. पंपाचं सील फाटलं होतं आणि ॲसिटोन खालच्या नालीत साचत होतं. त्या नालीपासून दोन हातांवर आमचा चार नंबरचा डिटेक्टर होता. आरशासारखा चकचकीत.

साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘हा का बोलला नाही?’

‘बघते सर,’ मी म्हणाले.

काका माझ्याबरोबर आले. सिलिंडर त्यांनी धरला, टोपी मी लावली, पॅनेलवर उभा हेल्पर आकडे ओरडून सांगत होता. चार नंबर: ‘मॅडम, झीरो.’ गॅस चालू, तरी झीरो. मी एक नंबरपासून सुरुवात केली. झीरो. दोन, झीरो. तीन, ज्याची तपासणीवाल्या बाईंनी तारीफ केली होती तो, झीरो. पाच, सहा, झीरो. सात नंबरला टोपी लावली आणि हेल्पर आनंदाने ओरडला, ‘मॅडम, पचास! ये जिंदा है!’ आठ ते अकरा सगळे जिवंत. पण हे पाच विभागाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथवर वाफ पोचलीच नव्हती.

सहा मेलेले, पाच जिवंत. सातवर येऊन मरण थांबलं होतं.

मी तिथेच खाली बसले. मला एकदम फस्स असा आवाज आठवला. त्या स्प्रेच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: सिलिकॉनची चमक. आणि डिटेक्टरच्या माहितीपुस्तकात चौकटीत लिहिलेलं असतं, की सिलिकॉन जवळही आणू नका, त्याने आतला सेन्सर मरतो आणि मेलेला सेन्सर शून्य दाखवत राहतो. हे पान मी नव्या टेक्निशियनांना मोठ्याने वाचून दाखवते. चष्मा पुसत, बोट नाचवत. दर वर्षी.

‘काय झाला बाय?’ काका शेजारी बसले.

एक सोपी पळवाट समोर होती. सेन्सर तीन वर्षांचे झाले होते. ‘आयुष्य संपलं’ असं लिहिलं असतं तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. मी ते वाक्य मनात पूर्ण तयारही केलं होतं. पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून ते तोंडातून निघेना.

‘मी मारले काका. पॉलिश करून. छान दिसावेत म्हणून.’

काकांनी माझ्या हातातली टोपी काढून घेतली. मला वाटलं, आता ‘डबडं’ परत येणार आणि जन्मभर पुरणार. पण ते हळूच म्हणाले, ‘तुजी सहा मेली. माजं एकच होतं.’

‘काय?’

‘नाक. तापापासून गेलंय. कायच येत नाय. ना ॲसिटोन, ना उदबत्ती.’ ते हातातल्या टोपीशी चाळा करत होते. ‘इतकी वर्सं सगळे बोलतात, काकांचं नाक, काकांचं नाक. आता कसा सांगनार? म्हनून तुजं पॅनेल बगायचो. ते शून्य बोललं की मी साफ बोलायचो.’

मी विज्ञानाचा विजय समजून ज्याचा घरी डांगोरा पिटला होता, तो हा असा होता. एक महिना त्या विभागात माझा मेलेला डबा आणि काकांचं मेलेलं नाक एकमेकांच्या भरवशावर पहारा देत होते. आणि आम्हाला वाचवलं ते मावशींच्या सुनेच्या पार्लरने.

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. काकांचंही तसंच झालं असावं. आम्ही दोघं जमिनीवर बसून डोळे पुसत होतो. हेल्परला वाटलं, वाफ डोळ्यांत गेली. तो पाणी घेऊन आला.

‘चला,’ काका उठत म्हणाले. ‘सायबाकडं दोगं जाऊ. एकेकट्याला जास्त बोलतात.’

साहेबांनी दोघांनाही सारखंच बोलून घेतलं. आधी मी सांगितलं, मग काकांनी. साहेब उभे होते ते खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, ‘चकाचक मी म्हटलं होतं. पण तुम्ही पुस्तक वाचलेल्या बाई आहात.’ ते वाक्य मला अजून टोचतं. काकांना म्हणाले, ‘नाक जाणं हा गुन्हा नाही. न सांगणं आहे. आत दोन पोरं काम करत होती, काका.’ काकांनी मान खाली घातली.

माझ्या एजन्सीत मला लेखी ताकीद मिळाली आणि ती योग्य होती. सहा नवे सेन्सर बसेपर्यंत तो विभाग बंद राहिला. ते मी स्वतः बसवले, प्रत्येकाला दोनदा गॅस दाखवला, आणि बसवताना हातालाही क्रीम लावलं नाही, न जाणो त्यातही सिलिकॉन असायचं. साहेबांनी गेटवर एक पाटी लावली: ‘आत कोणताही स्प्रे नेऊ नये.’ तिच्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं, ‘मॅडमनी सुद्धा.’ मला अक्षर ओळखीचं वाटलं, पण मी चौकशी केली नाही.

काकांना साहेबांनी त्या विभागातून काढलं नाही. मात्र महिन्याची तपासणी दर आठवड्याची झाली आणि माझ्या गैरहजेरीत ती करायचं काम काकांना शिकवायचं ठरलं. मला वाटलं, वैतागतील. ते चौथीतल्या हुशार मुलीसारखे शिकले. टोपी नीट बसली का, सिलिंडरवरची मुदत संपली का, आकडा किती सेकंदांत चढला, सगळं रजिस्टरमध्ये कोरीव अक्षरात. एका आठवड्यात मी घाईने एका डिटेक्टरला जरा लवकर ‘ठीक’ दिलं, तर म्हणाले, ‘बाय, अजून चढतोय तो. थांब की. त्याला पन दम लागतो.’

मावशींना सेफ्टीच्या दिवशी सगळ्यांसमोर स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. साहेबांनी माईकवर सांगितलं, की कुणालाही, कुठल्याही कामाच्या माणसाला, वास आला तर आधी बाहेर यायचं, मग बोलायचं. मावशींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माईकपासून हातभर लांब उभं राहून म्हणाल्या, ‘मी सकाळपासून सांगत होते. हसत होते सगळे.’ आणि खाली येऊन बसल्या. काका पहिल्या रांगेत होते. त्यांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

या वर्षी काका निवृत्त झाले. गणपतीनंतर एका रविवारी मी आणि नवरा दांडीला त्यांच्याकडे जेवायला गेलो. काकूंनी पापलेटचं कालवण केलं होतं आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी सहज विचारलं, ‘काकांचं नाक कसं आहे आता?’

काकूंनी कपाळाला हात लावला.

‘काय सांगू बाय तुला. नाक गेलं तेव्हापासून हा मानूस गपगुमान जेवायचा. जे घालीन ते छान. एकदा मीठच नाय टाकलं, तरी छान बोलला. मी आपली खूश, मला वाटलं हात सुधारला माजा. आता दोन महिने झाले, थोडं थोडं यायला लागलंय, आनि झाला परत चालू. कोकम जास्त झालं, लसूण करपली, तेल जुना हाय.’

‘मंग करपली तर करपली बोलायचा नाय?’ काका म्हणाले.

‘बोला की. कंपनीत बोलला नाय ते सगळं आता माज्याकडं बोला.’

काकांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, तोंडात घालायच्या आधी नाकाशी नेला आणि आमच्याकडे बघत थोडा वेळ तसाच धरला. आम्ही सगळे थांबलो.

‘आज बरा झालाय,’ ते म्हणाले.

‘बगा,’ काकू मला म्हणाल्या, ‘पावनी आली म्हनून.’ आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.